मागच्या भेटीबद्दल आभार

नॉर्वेत दोन ओळखीची माणसे काही दिवसांनी पुन्हा भेटली की पहिले वाक्य येते, 'ताक फोर सिस्त'. आइसलँडमध्ये तोच प्रसंग असेल तर वाक्य येते, 'ताक फिरिर सीदास्त'. दोन्हींचा शब्दशः अर्थ एकच : मागच्या वेळेबद्दल आभार. मागे आपण भेटलो होतो, चार घटका बरोबर बसलो होतो, ते मी विसरलेलो नाही, एवढे सगळे या तीन शब्दांत येते. जेवून उठताना नॉर्वेचा माणूस म्हणतो, 'ताक फोर मातेन', आणि आइसलँडचा म्हणतो, 'ताक फिरिर मातिन'. जेवणाबद्दल आभार. (हे 'ताक' म्हणजे आभार; आपल्या वाटीतल्या ताकाशी त्याचा काही संबंध नाही.) ही वाक्ये शेजारी ठेवली की वाटते, या दोन भाषांमधला तर्जुमा म्हणजे फक्त शेपटे बदलण्याचे काम आहे.

पण पुढचेच रोजचे वाक्य घ्या. परक्या गावात माणसाला सर्वांत जास्त लागणारे वाक्य : 'मला कळत नाही'. आइसलँडिकमध्ये ते होते 'येग स्किल एह्की'. नॉर्वेजियनमध्ये होते 'याइ फोर्स्तोर इके'. 'मी' आणि 'नाही' या शब्दांत नाते दिसते, पण 'कळणे' या मुख्य शब्दातच नाते तुटलेले आहे. एकाच आईच्या दोन लेकी आभार मानताना एका सुरात बोलतात आणि 'समजले नाही' म्हणताना एकमेकींना परक्या होतात, हे कसे झाले? आम्हाला या प्रश्नाचे कुतूहल वाटले, कारण भाषेच्या शुद्धतेवर आणि मालकीवर आपल्याकडे जे वाद होतात, त्यांना या उत्तराचा थोडा उजेड मिळतो. आणि हे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळत नाही. ते इतिहासात आहे.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरची माणसे गलबतातून निघाली आणि सुमारे दीड हजार किलोमीटर समुद्र ओलांडून आइसलँडला पोहोचली. परंपरा पहिल्या कायम वसाहतकऱ्याचे नाव इंगोल्फुर आर्नार्सोन सांगते आणि साल ८७४ सांगते. ब्रिटिश बेटांवरून, विशेषतः आयर्लंडकडून आलेली आणि आणलेली माणसेही त्यांत होती, पण बोली राहिली ती नॉर्वेच्या किनाऱ्याची. ९३० मध्ये या लोकांनी आपली सभा भरवली, 'आल्थिंगी'. यातला 'थिंग' म्हणजे सभा. नॉर्वेच्या आजच्या संसदेचे नाव आहे 'स्तोर्तिंग'. तिकडचा 'थ' नॉर्वेत 'त' झाला, बाकी शब्द तोच. गंमत अशी, की त्या काळी हे लोक आपल्या भाषेला 'डॅनिश जीभ' म्हणत. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, आइसलँड या सगळ्यांची ती एक जीभ होती, आणि तिच्या नावावरून कोणी कोणाशी भांडत नव्हते.

तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्तुर्लुसोन (११७९–१२४१) याने नॉर्वेच्या राजांचा मोठा इतिहास लिहिला, 'हेइम्सक्रिंग्ला'. नॉर्वेच्या दरबारात तो वाचायला दुभाषा लागत नव्हता. पुढे चारशे वर्षांनी, १६३३ मध्ये, त्या ग्रंथाचा तर्जुमा छापला गेला. तो केला होता पेदेर क्लाउसोन फ्रीस या नॉर्वेच्याच पाद्र्याने, आणि भाषा होती डॅनिश. आपल्या राजांचा आपल्या भाषेत लिहिलेला इतिहास आपल्याच लोकांना कळावा म्हणून राज्यकर्त्यांच्या भाषेत आणावा लागतो. या चारशे वर्षांत काय घडले ते आता पाहू.

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी, की राज्यकर्ता दोघांचा एकच होता. १२६२ ते १२६४ या काळात आइसलँडने नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व मान्य केले. १३८० मध्ये नॉर्वेचे सिंहासन डेन्मार्कच्या राजाकडे गेले आणि त्याच्याबरोबर आइसलँडही गेले. १३९७ मध्ये काल्मारचा संघ झाला. नॉर्वे १८१४ पर्यंत कोपनहेगनच्या ताब्यात राहिले. आइसलँड त्याहून पुष्कळ अधिक काळ राहिले. १९१८ मध्ये ते सार्वभौम झाले आणि १९४४ मध्ये प्रजासत्ताक. म्हणजे गुलामी भाषा मारते असे सरळ गणित मांडले, तर आइसलँडिक आधी मरायला हवी होती. झाले उलटे. जास्त काळ परसत्तेखाली राहिलेल्या बेटाची भाषा टिकली आणि नॉर्वेची लेखी भाषा बुडाली.

नॉर्वेत १३४९ साली प्लेग आला. लोकसंख्येचा प्रचंड भाग त्यात गेला आणि लिहिणारावाचणारा वर्ग, म्हणजे पाद्री आणि कारकून, पार विरळ झाला. त्याच शतकात बर्गन बंदरात हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी ठाण मांडले. त्यांची भाषा उत्तरेकडची जर्मन. पैसे देणे, सुरुवात करणे, वापरणे, गप्पा मारणे, समजणे, या रोजच्या क्रियांसाठी त्यांचे शब्द आले. काही थेट बंदरातून आले, काही डॅनिशच्या मार्फत. 'फोर्स्तो' हा समजण्याचा शब्द त्यांतलाच. 'भाषा' या अर्थाचा नॉर्वेजियन शब्द 'स्प्रोक' हासुद्धा जर्मनांकडून आलेला. भाषेला जे नाव आहे तेच बाहेरचे! आइसलँडिकमध्ये भाषेला 'तुंगुमाउल' म्हणतात, जिभेचे बोलणे.

तरीही उसने शब्द कोणत्याही भाषेला मारत नाहीत. आपली मराठी अर्ज, तारीख, वकील, दरवाजा, कागद घेऊन धडधाकट चालते आहे. नॉर्वेत घाव बसला तो दुसरीकडे. राज्याची कचेरी कोपनहेगनला, विद्यापीठ कोपनहेगनला, कायद्याची भाषा डॅनिश. १५३६–३७ मध्ये धर्मसुधारणेचे वारे आले आणि राजाने लुथरचा पंथ दोन्ही देशांवर लादला. या पंथाचा पायाच असा, की प्रत्येकाने धर्मग्रंथ आपल्या भाषेत वाचावा. पण नॉर्वेच्या शेतकऱ्यासाठी त्याच्या भाषेतला ग्रंथ कोणी केलाच नाही. १५५० ची डॅनिश बायबलच त्याच्या हाती आली. प्रार्थना डॅनिशमध्ये, भजने डॅनिशमध्ये, मुलांना पाठ करायची प्रश्नोत्तरे डॅनिशमध्ये. नॉर्वेत पहिला छापखाना आला तो १६४३ मध्ये. तोवर लोक शेतात, होडीत, चुलीपुढे आपापली बोली बोलत होते, मात्र कागदावर डोळे टेकले की डॅनिश वाचत होते.

आइसलँडचा छापखाना त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचा. १५३० च्या सुमारास होलारच्या कॅथलिक बिशपाने, योन आरासोन याने तो आणला. याच बिशपाचा पुढे नव्या पंथाला विरोध केल्याबद्दल १५५० मध्ये शिरच्छेद झाला, पण यंत्र राहिले. ओद्दुर गोत्स्काल्कसोन याचा नव्या कराराचा आइसलँडिक तर्जुमा १५४० मध्ये डेन्मार्कमधल्या रोस्किल्दे येथे छापून निघाला. बिशपाच्या नजरेपासून लपून त्याने हे काम गोठ्यात बसून केले, अशी तिकडची आख्यायिका आहे. १५८४ मध्ये बिशप गुद्ब्रांदुर थोर्लाक्सोन याने होलार येथे संपूर्ण बायबल छापली, ५०० प्रती. पाचशे प्रती म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या कवितासंग्रहाची आवृत्ती. पण त्या पाचशे प्रतींनी एका भाषेचे नशीब ठरवले.

तिथल्या शेतघरांत हिवाळ्याच्या लांब रात्री 'क्वोल्द्वाका' चाले. म्हणजे संध्याकाळची बैठक. हातात लोकर कातण्याचे काम आणि एक जण मोठ्याने वाचतो आहे. कधी जुन्या सागा, कधी लांबलचक पद्यकथा, कधी धर्मग्रंथ. वाचनाची भाषा आणि घरची भाषा एकच. डॅनिश अधिकारी होते, डॅनिश व्यापारी होते, १६०२ ते १७८७ या काळात व्यापाराचा मक्ताही डॅनिशांकडेच होता. पण शहर असे नव्हतेच. १८०१ च्या जनगणनेत रेक्याविकची वस्ती तीनशेच्या आसपास होती. परकी भाषा बाजाराच्या ओट्यावर राहिली, चुलीपर्यंत पोहोचली नाही.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. आइसलँडच्या माणसाचे आपल्या भाषेवर जास्त प्रेम होते आणि नॉर्वेचा माणूस बेपर्वा होता, असे काही नाही. नॉर्वेच्या दऱ्याखोऱ्यांतल्या बायाबापड्यांनी आपली बोली एक दिवसही सोडली नव्हती. फरक एवढाच, की एका लोकांच्या घरात त्यांच्या जिभेचे पुस्तक होते आणि दुसऱ्यांच्या घरात नव्हते. पुस्तक नसले की बोली जगते, पण ती 'गावंढळ' ठरते. बोलणाऱ्यालाच तिची लाज वाटू लागते. हा अनुभव आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको.

ही लाज काढून टाकण्याचे काम नॉर्वेत एका गरीब शेतकऱ्याच्या मुलाने केले. ईवार ओसेन (१८१३–१८९६) हा पश्चिम किनाऱ्याचा, बहुतेक शिक्षण स्वतःच घेतलेला. १८४२ पासून चार वर्षे तो खेडोपाडी फिरला, लोकांची बोली टिपत राहिला. १८४८ मध्ये त्याचे बोलींचे व्याकरण आले, १८५० मध्ये शब्दकोश. त्यांतून त्याने एक लेखी भाषा घडवली, आज तिला 'न्यूनोर्स्क' म्हणतात, नवी नॉर्वेजियन. दुसरीकडे क्नूद क्नूदसेन नावाच्या शिक्षकाचा मार्ग निराळा होता. लिहितोच आहोत ती डॅनिश हळूहळू नॉर्वेच्या उच्चाराकडे वळवावी, असे त्याचे म्हणणे. त्यातून आजची 'बोकमोल' झाली. १८८५ मध्ये संसदेने दोन्हींना बरोबरीचा दर्जा दिला, १९२९ मध्ये ही दोन नावे अधिकृत झाली. आजही नॉर्वेत दोन्ही चालतात. न्यूनोर्स्कमधून शिकणारी मुले दहात एखादेच, पण कायदा बरोबरीचा आहे.

आता रोजची वाक्ये तिन्ही भाषांत शेजारी ठेवून पाहावीत. 'मला माहीत नाही' हे आइसलँडिकमध्ये 'येग वेइत एह्की', न्यूनोर्स्कमध्ये 'एग वेइत इक्ये', बोकमोलमध्ये 'याइ वेत इके'. 'तुझे नाव काय' हे आइसलँडिकमध्ये 'क्वाद हेइतिर थू', न्यूनोर्स्कमध्ये 'क्वा हेइतेर दू', बोकमोलमध्ये 'वा हेतेर दू'. 'घरी' हे आइसलँडिकमध्ये 'हेइमा', न्यूनोर्स्कमध्ये 'हेइमे', बोकमोलमध्ये 'येमे'. ओसेनने दऱ्याखोऱ्यांतून जी भाषा गोळा केली, ती हजार वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेल्या बहिणीशी अजून बोलू शकत होती. 'क्वा' मधला तो 'क्व' पश्चिम नॉर्वेत आणि आइसलँडमध्ये, समुद्राच्या दोन्ही अंगांना, तसाच उभा आहे.

सुरुवातीच्या 'ताक फोर सिस्त'कडे पुन्हा पाहिले तर खरा धक्का येथे बसतो. ते वाक्य दोन्ही भाषांत जसेच्या तसे जुळते म्हणून आपल्याला वाटले, की हे जुने नाते. पण 'आभार' या अर्थाचा आइसलँडिकचा आपला घरचा शब्द आहे 'थोक्क', आणि त्याचे क्रियापद 'थाक्का'. 'थ'चा 'त' नॉर्वे-डेन्मार्ककडे झाला, आइसलँडमध्ये कधी झालाच नाही. मग आइसलँडच्या तोंडी 'ताक' कोठून आले? डॅनिशमधून. मागच्या वेळेबद्दल आणि जेवणाबद्दल आभार मानण्याची ही दोन्ही वाक्ये डॅनिशमध्येही आहेत. म्हणजे या वाक्यात दोन बहिणी एका सुरात बोलतात त्या आईच्या आठवणीने नव्हे. दोघी एकाच घरी नांदत होत्या, म्हणून. भाषांमध्ये दोन प्रकारचे सारखेपण असते. एक रक्ताचे, एक सोबतीचे. रोजच्या बोलण्यात ते इतके मिसळून जाते, की बोलणाऱ्याला वेगळे ओळखता येत नाही. ओळखण्याची गरजही पडत नाही.

आइसलँडच्या भाषाशुद्धीकडेही याच नजरेने पाहायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डॅनिश भाषापंडित रास्मुस रास्क आइसलँडला गेला. त्याला भीती वाटली, की शंभर वर्षांनी रेक्याविकमध्ये ही भाषा कळणारा क्वचितच कोणी उरेल. या भाषेवर त्याचे इतके प्रेम, की १८१६ मध्ये आइसलँडिक साहित्य सभा उभी करण्यात तो पुढे होता. राज्यकर्त्यांच्या देशातलाच माणूस! १८३५ पासून 'फ्योल्निर' या नियतकालिकाभोवती जमलेल्या तरुणांनी डॅनिश वळणाचे गद्य सोडून घरच्या वळणाचे गद्य लिहिले. पुढे नव्या वस्तूंना जुन्या शब्दांतून नावे देण्याची रीत पडली. टेलिफोनला 'सीमी', म्हणजे जुन्या भाषेत धागा. विजेला 'राफ्माग्न', म्हणजे अंबर खड्याची शक्ती. संगणकाला 'तोल्वा', म्हणजे 'ताला' हा आकडा आणि 'वोल्वा' ही भविष्य सांगणारी बाई, या दोघींची मोट. नॉर्वेजियन माणूस सरळ 'तेलेफून' आणि 'दातामाशीन' म्हणतो.

ही शुद्धी यशस्वी झाली, कारण ती मोठ्या राज्यभाषेपुढे उभ्या राहिलेल्या छोट्या भाषेची होती. आपल्यातल्याच कोणाला 'तुझे शब्द बाहेरचे' म्हणून हाकलण्यासाठी ती नव्हती. आणि तिचाही हात रोजच्या बोलण्यापर्यंत पुरता पोहोचला नाही. आइसलँडचे लोक ज्याला आपल्या स्वभावाचे वाक्य म्हणतात ते आहे 'थेत्ता रेद्दास्त' : निभावेल, होईल सगळे नीट. यातला 'रेद्दा' हा शब्द डॅनिशमधून आलेला. नॉर्वेचा माणूस त्याच वेळी म्हणतो 'दे ओर्दनेर साइ', लागेल ते आपोआप मार्गी. पंडितांनी 'तोल्वा' रुजवला, पण 'ताक' आणि 'रेद्दा' उपटले नाहीत. कोणी उपटून टाकायला गेलेच असते, तर भाषा मुकी झाली असती.

जवळच्या भाषांमध्ये तर्जुमा सोपा वाटतो आणि तिथेच पाय घसरतो. हिंदी बोलणाऱ्याची 'शिक्षा' आणि मराठीची 'शिक्षा' यांतला फरक शाळेत गेलेले प्रत्येक पोर जाणते. तसेच इथे. आइसलँडिकमध्ये 'रूम' म्हणजे पलंग. नॉर्वेजियनमध्ये 'रुम' म्हणजे खोली. खोलीला आइसलँडिक शब्द 'हेर्बेर्गी'. नॉर्वेत 'सेंग' म्हणजे पलंग, आणि त्याच कुळातला आइसलँडिक 'साइंग' म्हणजे अंगावर घ्यायची दुलई. एकाच बिऱ्हाडाचे सामान, पण प्रत्येक वस्तूची पाटी दुसऱ्या वस्तूवर लागलेली! आइसलँडिकमध्ये 'विन्ना' म्हणजे काम करणे आणि जिंकणेही. नॉर्वेत 'विन्ने' म्हणजे फक्त जिंकणे. आइसलँडचा माणूस आपल्या शब्दाने सांगू लागला की 'मी दिवसभर काम करतो', तर नॉर्वेकराच्या कानाला वाटेल, हा दिवसभर जिंकतोच आहे. आइसलँडिक 'कोना' म्हणजे कोणतीही स्त्री, आणि आपली पत्नीसुद्धा. नॉर्वेजियन 'कूने' म्हणजे मुख्यतः पत्नी. आपल्याकडे 'बायको' म्हणजे पत्नी आणि 'बायका' म्हणजे साऱ्या स्त्रिया, हे परक्याला समजावून सांगताना जी तारांबळ होते तीच ही.

आणि तो 'स्किल' शब्द, ज्याने सुरुवातीला आपल्याला अडवले. आइसलँडिक 'स्किल्या' म्हणजे समजणे आणि वेगळे होणेही. नवराबायकोंनी फारकत घेतली तरी हाच शब्द. नॉर्वेत या शब्दाचा वेगळे होण्याचा अर्थ राहिला. घटस्फोट झालेल्या माणसाला 'शिल्त' म्हणतात. समजण्याच्या अर्थाने मात्र 'फोर्स्तो' येऊन बसला. एक गोष्ट दुसरीपासून वेगळी काढता येणे म्हणजेच समजणे, हा जुना विचार एका भाषेत शाबूत राहिला, दुसरीत त्याचा अर्धा भाग गळाला.

सलामदुवा हा तर रोजच्या बोलण्याचा उंबरठा. आइसलँडमध्ये पुरुषाला भेटले की 'साइत्ल' म्हणतात, स्त्रीला 'साइल'. अर्थ सुखी, भाग्यवान. समोरच्याचे लिंग पाहून विशेषण बदलते, जसे आपल्याकडे 'सुखाचा राहा' आणि 'सुखाची राहा'. निरोपाला 'ब्लेस' म्हणतात. ते 'तुझ्यावर आशीर्वाद असो' या जुन्या वाक्याचे उरलेले टोक आहे. शब्द मुळात इंग्लंडकडून ख्रिस्ती धर्माबरोबर आलेला. नॉर्वेत निरोप घेताना 'हा दे' म्हणतात, 'छान असू दे' या वाक्याचा अर्धा तुकडा. आता 'ब्लेस'चा तर्जुमा 'हा दे' असाच करावा लागतो, कारण प्रसंग तोच. पण मधली दुवा तेवढी गळून जाते. 'अस्सलामु अलैकुम'चे भाषांतर 'नमस्कार' असे केले की काय सुटते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच पटेल. अर्थ पोहोचतो, बरकत वाटेत राहते.

अभिनंदन करताना नॉर्वेचा माणूस 'ग्रातुलेरेर' म्हणतो, लॅटिन मुळाचा शब्द. आइसलँडचा माणूस 'तिल हामिंग्यु' म्हणतो. 'हामिंग्या' म्हणजे आज आनंद, पण जुन्या काळी घराण्याच्या पाठीशी असणारे दैव. 'कृपया' म्हणायला नॉर्वेत 'वॅर सो स्निल' आहे, 'एवढा दयाळू हो'. आइसलँडच्या बोलण्यात असा सगळीकडे चालणारा शब्दच नाही. तिथे प्रश्नाच्या सुरात मागतात : 'मीठ देशील का?' म्हणून ती माणसे उद्धट ठरत नाहीत. आपल्या घरांतही 'कृपया पाणी द्या' असे कोण म्हणते? आणि आइसलँडिक 'याइया' हा शब्द तर आपल्या 'बरं'चा सख्खा भाऊ. बरं, निघू या. बरं, झाले ते झाले. बरं, सांग पाहू. आवाजाच्या चढउतारावर सगळे अवलंबून. नॉर्वेत 'याया' आहे, पण ते इतक्या ठिकाणी पुरत नाही.

नावाचीही कथा ऐकण्यासारखी आहे. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसते. बापाच्या, कधी आईच्या नावाला 'सोन' किंवा 'दोत्तिर' लावतात, म्हणजे मुलगा किंवा मुलगी. अरबीतले इब्न आणि बिन्त समजा. त्यामुळे एकाच घरातल्या नवराबायको, मुलगा आणि मुलगी यांची शेवटची नावे चार निघू शकतात. जुन्या नॉर्वेतही हीच रीत होती. १९२३ च्या कायद्याने नॉर्वेत प्रत्येक कुटुंबाला कायम आडनाव घ्यावे लागले. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, आइसलँडने उलट कायदा केला आणि नवी आडनावे घ्यायला बंदी घातली. 'तुझे नाव काय' हा प्रश्न दोन्हीकडे एकच, पण उत्तराची रीत दोन कायद्यांनी दोन दिशांना नेली.

हे सगळे केवळ पंडितांच्या टेबलावरचे नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये आइसलँडच्या बँका कोसळल्या आणि हजारो माणसे कामासाठी नॉर्वेला गेली. सुतार, परिचारिका, डॉक्टर. आइसलँडच्या शाळेत डॅनिश सक्तीची आहे, तीच शिदोरी. पण शाळेतल्या डॅनिशमध्ये 'फ्रोकोस्त' म्हणजे दुपारचे जेवण आणि नॉर्वेत 'फ्रूकोस्त' म्हणजे सकाळची न्याहारी. डॅनिशमध्ये 'ग्रीने' म्हणजे हसणे, नॉर्वेत रडणे. इस्पितळात रुग्णाबद्दल 'तो हसतो आहे' म्हणायचे आणि ऐकणाऱ्याने 'रडतो आहे' समजायचे, हा नुसता विनोद राहत नाही. उत्तरेच्या देशांनी १९८१ मध्ये भाषा-करार केला, तो १९८७ पासून अमलात आहे. एकमेकांच्या देशांत सरकारी कचेरीत, इस्पितळात, पोलीस ठाण्यात आपली भाषा वापरता यावी, असा त्याचा हेतू. कराराने दार उघडते, पण आतले बोलणे माणसालाच शिकावे लागते.

आणि आता त्या दारातून आपल्या ओळखीचे शब्दही आत गेले आहेत. कुरआनचा नॉर्वेजियन तर्जुमा आइनार बेर्ग यांनी १९८० मध्ये केला. आइसलँडिक तर्जुमा १९९३ मध्ये आला तो हेल्गी हाल्फ्दानार्सोन यांचा. शेक्सपिअरची नाटके आइसलँडिकमध्ये आणणारे ते हेच. ज्या बेटावर एका धर्मग्रंथाच्या पाचशे प्रतींनी भाषा राखली, तिथे दुसरा धर्मग्रंथही त्याच भाषेत उभा राहिला. ओस्लोत १९७० च्या आसपास पाकिस्तानातून आलेल्या मजुरांची मुलेनातवंडे आणि इतर स्थलांतरितांची मुले यांच्या बोलीत 'वल्लाह' सहज येते, आणि त्यांच्या शेजारी वाढलेली सोनेरी केसांची पोरेही ते म्हणतात. २००५ मध्ये या बोलीचा एक छोटा कोशही निघाला. दखनीने मराठीचा 'नको' उचलून 'नक्को' केला, तेव्हा कोणी सभा भरवून ठराव केला नव्हता. हेही तसेच आहे. आज ते 'बाहेरचे' वाटते. 'फोर्स्तो' हा शब्दही एके काळी बर्गनच्या बंदरात बाहेरचाच होता.

आइसलँडपुढे आज वेगळाच प्रश्न आहे. बेटाच्या चार लाखांच्या आतल्या वस्तीत बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा झाला आहे. नवखा माणूस मोडक्यातोडक्या आइसलँडिकमध्ये दुकानात काही विचारू लागला, की समोरचा चटकन इंग्रजीवर जातो. हेतू मदतीचाच असतो, पण त्यामुळे नवख्याला भाषा येतच नाही. पुस्तकाने राखलेल्या भाषेला आता चुका करणारी तोंडे हवी आहेत. म्हणून बेटाच्या वायव्य भागात एक मोहीम चालते : नवख्याशी इंग्रजी बोलू नका, आपल्या भाषेतच थांबून, सावकाश बोला. मोहिमेचे नाव आहे 'आइसलँडिकला चान्स देऊ या'. त्यात 'संधी'साठी जो शब्द वापरला आहे तो 'स्येन्स', म्हणजे बाहेरून आलेला 'चान्स'च. शुद्ध शब्द सापडला नाही म्हणून नव्हे. लोक बोलतात तोच हा शब्द, आणि नवख्याच्या ओठांवर तो आधीपासून असतो.